माशांसाठी नळाचे पाणी : नितळ म्हणजे सुरक्षित नव्हे

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. घरात साफसफाई चालू होती. माळा झाला, पंखे झाले, देवघरातली पितळी भांडी झाली. मग सौ.चे लक्ष दिवाणखान्यातल्या माशांच्या टँककडे गेले. काचेवर हिरवट थर धरला होता. "अहो, नात परवा येणार. तेवढा तो टँक जरा स्वच्छ करून ठेवा ना!"

मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस. काम हातात घेतले की अर्धवट सोडायचे नाही ही सवय. दोन्ही मासे पातेल्यात काढले. टँक पूर्ण रिकामा केला. खालची खडी गरम पाण्याने तीनतीनदा धुतली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा केला. सकाळचे कॉर्पोरेशनचे ताजे पाणी आले होते, ते थेट नळीने भरले. टँक असा लखलखला, की दुकानातून आजच आणला असे वाटावे. मासे सोडले आणि समाधानाने चहा घेतला.

नातीने त्या दोन गोल्डफिशची नावे 'फाफडा' आणि 'जिलेबी' ठेवली होती. जिलेबी त्याच रात्री गेली. फाफडा सुस्तावला, पण तगला. दिवाळी पार पडली आणि सहाव्या दिवशी सकाळी तोही पाण्यावर तरंगताना दिसला. नात आठ वर्षांची. ती रडली नाही, तिने फक्त विचारले, "आजोबा, आपण तर त्यांना स्वच्छ पाणी दिलं होतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढचे काही महिने वाचून, विचारून आणि टँक पुन्हा उभा करून जे कळले ते येथे मांडतो. मी बी.कॉम. झालेला, रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरता. त्यामुळे जे लिहितो आहे ते माझ्यासारख्यालाच समजेल अशा भाषेत आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत नातवंडांच्या हट्टाखातर टँक आलेले आहेत. पाणी मात्र बहुतेक जण मी भरले तसेच भरतात, हे मला ठाऊक आहे.

(लेखात 'टँक' म्हटले की माशांचा आणि 'टाकी' म्हटले की घरातल्या पाण्याची, असे समजावे.)

दोन मासे, दोन कारणे

आधी निष्कर्ष सांगतो. दोन्ही मासे माझ्या स्वच्छतेनेच मेले, पण एकाच कारणाने नव्हे. जिलेबी नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने गेली. फाफडा गेला तो अमोनियाने, म्हणजे माशांच्या स्वतःच्याच मैल्याने. तो मैला पचवणारी जी यंत्रणा टँकमध्ये तयार झाली होती, ती मी धुऊन टाकली होती. पहिले कारण बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. दुसरे फार थोड्यांना माहीत असते, आणि ते समजल्याशिवाय पहिल्याचा उपाय अर्धाच राहतो.

आपल्या नळाला क्लोरिन का असतो

बडोद्याला पाणी मुख्यतः दोन बाजूंनी येते. एक आजव्याचा तलाव, जो सयाजीराव महाराजांनी बांधवला आणि ज्याचे पाणी १८९२ पासून शहराला मिळू लागले. दुसरी मही नदी. तिच्या पात्रात खोदलेल्या 'फ्रेंच विहिरीं'मधून वाळूत गाळले गेलेले पाणी खेचले जाते. त्याखेरीज अनेक सोसायट्यांचे स्वतःचे बोअर आहेत.

तलावाचे किंवा नदीचे पाणी गाळून कितीही नितळ केले, तरी ते घरी पोहोचेपर्यंत मैलोन्‌मैल पाइपातून येते. वाटेत एखादा जोड गळका असला तर बाहेरची घाण आत येऊ शकते. म्हणून पाणी सोडताना त्यात क्लोरिन घालतात आणि तो थोडासा शिल्लक राहील असे पाहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. हजार लिटरच्या टाकीत सगळा मिळून ०.२ ग्रॅम. म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

एवढाच क्लोरिन आपल्याला कॉलरा आणि टायफॉइडपासून वाचवतो. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने १९०८ मध्ये शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरिन घालायला सुरुवात केली आणि नंतर जगभर ती पद्धत रूढ झाली. तेव्हा क्लोरिनला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपण पाणी पितो तेव्हा ते जठरात जाते, आणि तिथे एवढ्याशा क्लोरिनचा निभाव लागत नाही.

माशाचे तसे नाही. मासा पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो, कारण पाण्यातला प्राणवायू त्यातूनच रक्तात जायचा असतो. जिवाणूंची भिंत जाळणारा क्लोरिन हा पडदाही जाळतो. शिल्लक क्लोरिनचे मानकातले जे किमान प्रमाण आहे, त्याच्या दहाव्या हिश्शानेही माशाला त्रास होऊ लागतो. मग पाण्यात प्राणवायू असूनही तो रक्तात पोहोचत नाही. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो, कल्ले भराभर हलवतो, काचेला अंग घासतो. मला जिलेबी वर येऊन तोंड हलवताना दिसली होती. मला वाटले, भूक लागली. मी तिला दाणे टाकले.

क्लोरिन घालवण्याचे मार्ग

१. पाणी शिळे करणे. सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय. क्लोरिन हा वायू आहे, उघड्या पाण्यातून तो उडून जातो. रुंद तोंडाच्या टबात पाणी भरून २४ तास ठेवावे. त्यात एअर पंपाचा बुडबुड्यांचा दगड सोडला तर काम आणखी लवकर होते. ऊनही क्लोरिन लवकर मोडते. मात्र अरुंद तोंडाच्या, झाकण लावलेल्या पिंपात तो सहज उडत नाही. म्हणून "आमच्या टाकीत पाणी दोन दिवस पडूनच असते" हा युक्तिवाद चालत नाही. जमिनीखालची बंद टाकी म्हणजे झाकलेले पिंपच.

एक सावधगिरी. टबावर पातळ जुने धोतर किंवा मच्छरदाणीचे कापड बांधावे. डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवडाभर पाणी उघडे ठेवून माशांचे भले आणि शेजाऱ्यांचे वाईट करू नये. एक दिवस, फार तर दोन दिवस पुरे.

२. हायपो. जुन्या काळी फोटो स्टुडिओत फिल्म धुताना जो 'हायपो' वापरत, तेच हे सोडियम थायोसल्फेट. साखरेच्या खड्यांसारखे पांढरे, पारदर्शक खडे असतात. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, आणि माशांच्या दुकानात 'अँटी-क्लोरिन' म्हणून याचेच द्रावण मिळते. हे क्लोरिनला काही क्षणांत निष्प्रभ करते.

हिशेब असा. एक मिलिग्रॅम क्लोरिनसाठी जास्तीत जास्त सात मिलिग्रॅम हायपोचे खडे लागतात. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण करावे. त्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम हायपो आला. १० लिटर पाण्याला हे १ मिलिलिटर घातले की लिटरमागे १० मिलिग्रॅम पडला. म्हणजे लिटरमागे १.४ मिलिग्रॅम क्लोरिनपर्यंतची सोय झाली. घरच्या नळाला बहुधा याहून कमीच असतो. थोडा हायपो जास्त झाला तरी माशांना अपाय होत नाही, पण म्हणून मूठभर टाकू नये. मोजायला मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज उत्तम. बाटलीवर ठळक नाव लिहून ती मुलांच्या हाताबाहेर, अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी द्रावण नवे करावे.

येथे एका गोंधळाबद्दल सांगितलेच पाहिजे. दुकानात निळ्या थेंबांची बाटलीही मिळते. ती पुष्कळदा मिथिलीन ब्लूची असते. ते बुरशीवरचे औषध आहे, क्लोरिनवरचे नाही. "पाणी निळे केले, आता चालेल" असे समजून फसणारे मी दोघे पाहिले आहेत. बाटलीवर सोडियम थायोसल्फेट किंवा क्लोरिन काढण्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच ती या कामाची.

३. उकळणे. उकळल्याने क्लोरिन जातो, पण पाण्यातला प्राणवायूही जातो. थंड झाल्यावर ते पाणी वरून ओतून किंवा एअर पंप लावून खेळते करावे लागते. चार लिटरच्या भांड्यासाठी ठीक. पन्नास लिटर पाणी उकळायचे म्हणजे गॅसच्या बाटलीला नमस्कार.

क्लोरिन गेला की नाही हे पाहायचे असेल, तर पाणीखात्याची माणसे वापरतात तो क्लोरोस्कोप घरीही ठेवता येतो. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळे झाले तर क्लोरिन आहे, रंग आलाच नाही तर नाही. ते थेंब विषारी असतात, म्हणून तपासलेले पाणी टँकमध्ये परत ओतायचे नाही आणि हात धुवायचे. नुसत्या वासावर विसंबू नये. आपल्या वयात नाक आणि चष्मा दोन्ही दगा देतात.

क्लोरिन अचानक वाढतो तेव्हा

नळाच्या पाण्यातला क्लोरिन रोज सारखा नसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागले की तो वाढवला जातो. पाइपलाइन दुरुस्त झाल्यावरही पहिले पाणी जास्त वासाचे येऊ शकते. सर्वांत मोठा धोका मात्र सोसायटीच्या आवारातच असतो. टाकी साफ करून झाल्यावर कमिटीची माणसे त्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि ती अंदाजाने टाकतात. आमच्या शेजारच्या इमारतीत अशाच एका रविवारी साफसफाई झाली. सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे टँकमध्ये नवे पाणी घातले. दुपारपर्यंत त्यांचे अकरा गप्पी गेले. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण कोणी कोणाला विचारलेही नव्हते. तेव्हापासून मी टाकी धुण्याची नोटीस लागली की तो आठवडा पाणी बदलतच नाही.

मुलांच्या व्हिडिओतले पाणी आणि आपले पाणी

माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने माशांचे काही व्हिडिओ पाठवले. त्यात ठणकावून सांगितले होते की पाणी शिळे करून काही उपयोग नाही. मी गोंधळलो. नंतर उलगडा झाला. तिकडच्या बऱ्याच शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरिन आणि अमोनिया यांचे संयुग. ते बादलीत ठेवून उडत नाही, आणि हायपोने मोडले तर मागे अमोनिया उरतो. म्हणून तिकडे वेगळी औषधे लागतात. आपल्याकडे सर्वसाधारणपणे साधा क्लोरिन किंवा ब्लीचिंगचेच द्रव्य वापरतात. त्यामुळे बडोद्यात, इंदुरात किंवा बेळगावात राहणाऱ्याला शिळ्या पाण्याचा आणि हायपोचा उपाय लागू पडतो. परदेशी स्थायिक झालेल्या वाचकांनी मात्र आपल्या गावचे पाणीखाते काय घालते ते आधी विचारावे.

फाफडा का गेला?

आता दुसऱ्या माशाकडे वळू. पहिल्या रात्रीनंतर टँकमधला क्लोरिन उडून गेला होता. तरी फाफडा सहाव्या दिवशी गेला. मी दुकानदाराकडे गेलो. पस्तिशीतला मुलगा, पण त्याने पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "काका, पाणी आखुं बदली नाख्युं?" मी अभिमानाने हो म्हटले. "स्पंज पण धोयो?" तोही धुतला होता. त्याने कपाळाला हात लावला.

मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. उरलेले दाणे कुजले की त्यातूनही येतो. अमोनिया माशाला विषच आहे. नदीत किंवा तलावात पाणी अफाट असते, ५० लिटरच्या टँकमध्ये नसते. मग टँकमधले मासे जगतात कसे? तर खडीवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये उपकारक जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळच सौम्य असते. ते थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकायचे, किंवा टँकमधल्या वनस्पती ते खत म्हणून घेतात.

ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती टँकची ठेव आहे, रोजच्या खर्चाला तिच्याच व्याजातून पैसे मिळतात. मी गरम पाण्याने आणि क्लोरिनच्या नळाखाली ती ठेव एका सकाळी मोडली. दुसऱ्या दिवसापासून फाफड्याच्या अंगाभोवती अमोनिया साठत गेला. पाणी काचेसारखे नितळ होते, कारण अमोनिया दिसत नाही. उलट, ज्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजाची मला किळस आली होती, तोच त्याला जगवत होता.

म्हणून नवा टँक आणल्या दिवशीच दहा मासे सोडू नयेत. आधी एक-दोन काटक मासे, अगदी थोडे खाणे, आणि महिनाभर धीर. कोणा ओळखीच्यांचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी मागून आणावी. विरजणासाठी शेजारून चमचाभर दही आणतो तसे. दुसऱ्या वेळी मी हेच केले. अमोनिया तपासण्याचे किट माशांच्या दुकानात मिळते. पहिल्या दोन महिन्यांत ते फार उपयोगी पडते.

बोअर, आरओ आणि घरातले इतर पाणी

"आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्यात क्लोरिन नाही, मग काय हरकत?" असे काहींनी विचारले. क्लोरिन नसला तरी बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असू शकतात. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल लवकर जाते, ती सगळी त्याचीच लक्षणे. असल्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे सुखाने राहतात. निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांना मऊ पाणी लागते. तेव्हा माशाच्या आवडीचे पाणी तयार करत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा आणावा, हे कमी त्रासाचे. एक लक्षात असू द्यावे : जड पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो, आणि पीएच जास्त असला की अमोनिया अधिक घातक होतो.

आरओचे पाणी "सर्वांत शुद्ध" म्हणून नुसते तेच भरणेही चूक. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि माशांना ते थोडे हवेच असतात. शिवाय अशा पाण्याचा पीएच एकाएकी घसरू शकतो. बोअरचे पाणी फारच जड असेल तर त्यात थोडे आरओचे मिसळावे. आरओ मशिनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र टँकला वापरू नये, कारण त्यात क्षार आणखी साठलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी दिसायला ऊर्ध्वपातित, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीतून येते. गीझरच्या पाण्यातही तांबे उतरू शकते. गोगलगाई आणि झिंगे यांना तांबे अगदीच सोसत नाही.

आणि तुरटी. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायची आपली जुनी रीत. त्या पाण्याने टँक भरू नये. तुरटीने गाळ खाली बसतो, पण पाण्याचा पीएचही उतरतो. गढूळ पाणी आले तर ते तसेच एक दिवस ठेवून वरचे नितळ पाणी घ्यावे.

तापमान

बडोद्याचा मे महिना वेगळा सांगायला नको. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले दुपारचे पाणी अंगावर घेववत नाही, ते माशांना कसे चालेल? गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. उलट जानेवारीत पहाटेचे पाणी गार असते. टँकच्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नसावा. एक दिवस त्याच खोलीत ठेवलेल्या पाण्याचा हाही फायदा, की ते आपोआप खोलीच्या तापमानाला येते.

आठवड्याचा क्रम

मी आता दर रविवारी जे करतो ते असे :

१. टँकमध्ये किती पाणी आहे ते एकदा मोजून लिहून ठेवावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. ६० × ३० × ३० चा टँक म्हणजे ५४ लिटर. वरची रिकामी जागा आणि खडी वजा जाता ४५ धरावे.

२. शनिवारी सकाळी १० लिटर पाणी टबात काढून, कापड बांधून त्याच खोलीत ठेवावे. पावसाळा असेल किंवा वास जाणवला तर १ मिलिलिटर हायपोचे द्रावणही घालावे. माझ्या टँकला हे चौथ्या हिश्शाहून थोडे कमी पाणी होते. एका वेळी याहून जास्त बदलू नये.

३. रविवारी एअर पंप आणि फिल्टर बंद करून नळीने खडीवरचा गाळ शोषत १० लिटर पाणी बादलीत काढावे. मासे टँकमध्येच राहू द्यावेत.

४. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदाच धुवावा, आणि तोही या काढलेल्या पाण्यात. दोनदा हलके दाबले की पुरे. नळाखाली धरायचा नाही. पांढरा झालाच पाहिजे असा हट्ट नको.

५. काचेचा समोरचा हिरवा थर जुन्या स्वच्छ कापडाने पुसावा, मागचा राहू द्यावा. साबण किंवा डिटर्जंट चुकूनही नको. बादली, टब आणि नळी माशांसाठी वेगळी ठेवावी.

६. नवे पाणी वाटीने सावकाश ओतावे. फिल्टर लगेच चालू करावा. त्या दिवशी खाणे कमी द्यावे.

चुकून थेट नळाचे पाणी गेलेच आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर पुन्हा नळाचेच पाणी बदलत बसू नये. टँकमधल्या सगळ्या पाण्याच्या हिशेबाने हायपो घालावा, माझ्या टँकला साडेचार मिलिलिटर. एअर पंप पूर्ण वेगाने लावावा आणि दाणे टाकू नयेत. वेळेवर केले तर बहुतेक मासे सावरतात. हे मला त्या रात्री माहीत असते तर!

शेवटी

या वर्षी आमच्याकडे दोन नवे मासे आहेत. गोल्डफिश मोठे होतात आणि मैलाही खूप करतात, ५४ लिटर त्यांना पुढे अपुरे पडते. म्हणून या वेळी चार मॉली आणायच्या ठरवल्या, पैकी सध्या दोनच आणल्या आहेत. न्हाणीघराच्या दाराशी एक निळी बादली असते. तिच्यावर सौ.ने मार्करने लिहिले आहे, "माशांची आहे, कोणी हात लावू नये." काढलेले गढूळ पाणी आम्ही तुळशीला आणि मोगऱ्याला घालतो. त्यातला नायट्रेट झाडांना खतच आहे, आणि मोगरा यंदा खरोखर चांगला आला.

मे महिन्यात नात आली तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "पाणी आपल्यासाठी स्वच्छ होतं गं, त्यांच्यासाठी नव्हतं. आणि त्यांचं घर मी जरा जास्तच घासलं." तिने थोडा वेळ विचार केला. मग स्पंजाकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हणजे तो घाण नाहीये?" मी म्हटले, नाही. रविवारी काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो तिनेच धुतला. दोनदा दाबला आणि परत लावला.